हरीभाऊंचं फडकं

गोखिवऱ्याला आमच्या दोघांचे गाळे एकाला एक लागून होते. माझ्या गाळ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवून मिळतात. शेजारच्या गाळ्यात हरेश्वर राऊत, म्हणजे आमचे हरीभाऊ, गाड्यांना आतून कार्बनची शीट चढवायचे. आता तिथे बॅटऱ्या विकतात. बॅटरीवाला मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी शटर वर करताना माझा कान अजून त्या बाजूला जातो. हरीभाऊ कुलूप काढायच्या आधी खोकायचे, आत कोणी झोपलंय आणि त्याला दचकवायचं नाही अशा बेताने. मी रोज म्हणायची, "अहो, आत उंदीर सोडून कोणी नाही." ते म्हणायचे, "उंदरांनाही सांगून जावं."

ही कार्बनची शीट म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. शर्यतीच्या महागड्या गाड्यांमध्ये खऱ्या कार्बनचे काळे, विणल्यासारखे दिसणारे भाग असतात. ते आपल्या आवाक्यातलं नाही. म्हणून तसंच विणकाम छापलेली पातळ, चिकट शीट मिळते. ती डॅशबोर्डच्या पट्टीला, गिअरभोवतीच्या चौकटीला, दारांच्या आतल्या पट्ट्यांना चढवायची, की साध्या गाडीत बसलेल्यालाही जरा ऐट येते. सपाट जागेवर शीट कोणीही चढवेल. वळण आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. तिथे एक तर सुरकुती पडते, नाहीतर शीट ताणली जाऊन विणकाम वाकडं होतं.

हरीभाऊ वसईतल्या वाडीवाल्यांपैकी. केळी, पानवेल, जुईचे ताटवे, सगळं बघत वाढलेले. वाडी भावाभावांत वाटली गेली आणि ते एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये आले, पण हात वाडीतलेच राहिले. एकदा मी त्यांना विचारलं, "हे वळणाचं तुम्हाला शिकवलं कोणी?" तर म्हणाले, "आईने." मला वाटलं थट्टा करतायत. "आई पानगे करायची. केळीचं पान तसंच दुमडलं तर फाटतं. विस्तवावर नुसतं फिरवून घेतलं की मऊ पडतं, मग कसंही वळव. शीटचंही तेच. गरम हवा दाखवायची, मऊ पडली की हाताने बसवायची. ओढायची नाही. ओढून बसवलेलं आज बसतं, उद्या परत जागेवर जातं."

एका गणपतीच्या सुमारास कामं फार तुंबली होती, म्हणून मी मदतीला गेले. मोठ्या हौसेने शीटचं एक टोक धरलं आणि ओढलं. विणकामाच्या सरळ रेषा अशा तिरक्या झाल्या, की हरीभाऊंनी कपाळाला हात लावला. "सुनीता, तू शिवणारी ना? उभा धागा, आडवा धागा कळत नाही तुला?" नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी म्हटलं, "तुमच्या शीटला धागाच नाही, नुसतं चित्र आहे!" ते म्हणाले, "बघणाऱ्याला ठाऊक नसतं ना ते." आणि ती शीट फेकून दुसरी कापायला बसले.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. पुसण्याचं. शीट चढवायच्या आधी गाडीतली प्रत्येक पट्टी सोडवून टेबलावर घ्यायची आणि स्पिरिटने पुसायची. एकदा, दोनदा, मग उजेडात तिरकी धरून बघायची आणि पुन्हा पुसायची. माणसाचा हात लागला की तिथे तेलकटपणा राहतो. डोळ्याला दिसत नाही, पण शीट तिथे धरत नाही. पहिलं ऊन लागलं की बरोबर तिथूनच सुटते. पुसायला ते माझ्याकडच्या अस्तराच्या पांढऱ्या कापडाचे तुकडे न्यायचे, कारण त्याचे तंतू सुटत नाहीत. एक फडकं एकदाच. पुसून झालं की दाराशी ठेवलेल्या लोखंडी ड्रममध्ये. मी कुरकुर करायची, "धुऊन वापरा की हो, माझं चांगलं कापड जातंय." तर म्हणायचे, "एकाचा मळ दुसऱ्याच्या गाडीला कशाला?" गाडी सोडायला आलेल्या माणसाला ते आधी हात धुवायला लावायचे. एकदा मिठागराकडच्या गावातला एक टेम्पोवाला आला, हातात वडापाव. "काका, कायपन करा, पन गाडी चमकली पायजे." हरीभाऊंनी त्याला नळाकडे बोट दाखवलं. "आधी तिथलं पानी, मग तुझी गाडी." तो हसत हसत गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला. पुढे त्याने आपल्या गावची निम्मी गिऱ्हाइकं आणली.

एवढा गोड माणूस, पण पुसण्यापायी कडू व्हायचा. एकदा एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या असतील. नवऱ्याची गाडी. नवरा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. मुलाला गाडीला कार्बन हवा होता, म्हणून आल्या होत्या. म्हणाल्या, "सगळं करा, पण गिअरजवळ त्यांचा हात असायचा, तेवढं पुसू नका. वरून चढवा." हरीभाऊ म्हणाले, "असं होत नाही, बाई." त्या पुन्हा म्हणाल्या, निघालं तर निघू दे, माझी तक्रार नाही. तेव्हा हरीभाऊ जे बोलले ते माझ्या मशीनपर्यंत ऐकू आलं. "बाई, ती आठवण नाही, तो मळ आहे. मळावर मी काम करत नाही." बाईंनी किल्ली घेतली आणि गेल्या. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला मग. "दगड आहात का हो तुम्ही?" ते शांतपणे म्हणाले, "निघालं असतं तर परत रडल्या असत्या. आज एकदाच रडतील." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतली वेलची केळी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि मी बोलायला लागले. माझा राग असाच, केळ्यांत विरघळणारा.

त्यांना एकच मुलगी होती, जुई. विरारला फुलपाड्याच्या बाजूला एका बँकेत होती. मी राहते फुलपाड्याला, त्यामुळे सकाळी तिला बँकेत जायचं असायचं तेव्हा मी उलट्या दिशेने गोखिवऱ्याला. पण शनिवारी ती दुपारी वडिलांना जेवण घेऊन यायची आणि संध्याकाळी मैत्रिणींकडे विरारला निघाली की मला घरापर्यंत सोडायची. तिची एक छोटी पांढरी गाडी होती, स्वतःच्या पगारातून घेतलेली. पोरगी गाडी झकास चालवायची आणि तोंड त्याहून झकास. तिला एक खोड होती. सिग्नलला गाडी थांबली की पर्समधून हाताला लावायचं क्रीम काढायची. बदामाच्या वासाचं. दोन्ही हातांना चोळायची आणि त्याच ओल्या हाताने दाराच्या पट्टीवरची, काच वर-खाली करायची बटणं दाबायची. त्या काळ्या पट्टीवर सुकलेल्या क्रीमचे पांढुरके ठसे पडलेले असायचे. हरीभाऊ गाडीत डोकावले की ओरडायचे, "जुई, हा काय लोण्याचा डबा केलायस!" ती म्हणायची, "मग कार्बन लावा ना पप्पा. साऱ्या वसई-विरारला लावलात, पोरीच्या गाडीला कधी?"

"गिऱ्हाइकाची आधी. तू घरचीच आहेस."

"घरचीचा नंबर कधी लागणार?"

"पावसाळा संपला की. आणि आधी तुझा हा मळ पुसावा लागेल, त्याला एक दिवस जाईल."

पावसाळे दोन संपले. प्रत्येक वेळी एखादी गाडी आडवी आली. नंबर लागला नाही.

मग तिला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता कावीळ निघाली, आणि आठवडा उलटायच्या आत पोरगी गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. शनिवारी तिने मला घरी सोडलं होतं, आणि पुढच्या शनिवारी मी त्यांच्या दारात चपला काढत होते.

हरीभाऊ महिन्याभराने गाळ्यावर आले. कुलूप काढायच्या आधी खोकले, काम केलं, फडकी ड्रममध्ये टाकली. सगळं पहिल्यासारखं. फक्त बोलणं आटलं. पांढरी गाडी एव्हरशाईनला इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना, ती खिडकीतून दिसायची. शेवटी वहिनींनीच सांगितलं, मला हे रोज बघवत नाही, प्रभाकरला देऊन टाका. प्रभाकर म्हणजे वहिनींचा भाऊ, बोईसरला कंपनीत नोकरीला. मनाने वाईट नाही, पण तोंड म्हणजे उघडा नळ. हरीभाऊ म्हणाले, "नेऊ दे त्याला. पण मी आधी कार्बन करून देतो. तिला कबूल केलंय."

दोन दिवस त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही. डॅशबोर्डची पट्टी, गिअरची चौकट, तीन दारं. सगळं सोडवलं, पुसलं, चढवलं. मी शिवता शिवता बघत होते. असं काम मी त्यांच्याही हातून पाहिलं नव्हतं. विणकामाची रेघ एका दारापासून डॅशबोर्डवरून दुसऱ्या दारापर्यंत सरळ गेली होती. मग राहिली ती चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराची पट्टी, बटणांची. सगळ्यात वळणदार. त्यांनी ती सोडवून टेबलावर ठेवली आणि वरचा दिवा लावला. काळ्या प्लास्टिकवर तिचे ठसे जसेच्या तसे होते. बटणाशेजारी अंगठा, खाली चार बोटं. वर्ष झालं तरी बंद गाडीत राहिल्यामुळे बदामाचा वास माझ्यापर्यंत आला.

हरीभाऊंनी फडकं घेतलं. त्यावर स्पिरिट ओतलं. हात पट्टीपर्यंत नेला आणि तसाच थांबले. मग फडकं बाजूला ठेवून पाणी प्यायला गेले. परत आले, तोवर स्पिरिट उडून गेलं होतं. पुन्हा ओतलं. पुन्हा थांबले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी त्यांनी ते कोरं फडकं ड्रममध्ये टाकलं, शीट उचलली, गरम हवा दाखवली आणि तशीच त्या पट्टीवर चढवली. ठशांवर.

"हरीभाऊ," मी म्हटलं, "पुसलं नाहीत."

"पुसलं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना विचारा, मी गप्प बसले ही केवढी मोठी गोष्ट आहे.

होळी झाली, ऊन तापलं, आणि एका रविवारी प्रभाकर पांढरी गाडी घेऊन हजर. गाळ्यासमोर दोन गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यादेखत नळ सुटला. "भावोजी, साऱ्या तालुक्याला शिकवता आणि घरच्या गाडीला हे? बाकी सगळं झकास, आणि नेमकं माझ्या हाताशी निघतंय!" बटणांपाशी शीटची कड उचलली होती. हरीभाऊ दाराशी गुडघ्यावर बसले, गरम हवा दाखवली, अंगठ्याने दाबत दाबत कड बसवली. प्रभाकर समोरच्या टपरीवर चहाला गेला तसे ते गाडीत शिरले. चालवणाऱ्याच्या जागेवर नाही, तिच्या शेजारच्या. दार लावून घेतलं. प्रभाकरचा चहा होईपर्यंत बसून राहिले.

पुढच्या महिन्यात परत तेच. मग पावसाळ्याच्या तोंडाशी परत. प्रत्येक वेळी प्रभाकर बडबडायचा, हरीभाऊ कड दाबून द्यायचे आणि गाडीत बसायचे. पण प्रभाकरची बडबड गोखिवऱ्याच्या रस्त्यावर ऐकू जायची ना! 'राऊतकाकांचा हात गेला' असं लोक बोलायला लागले. पोरीच्या दुःखाने हात कापतो म्हणे. कुठे कापत होता? पण कोण कोणाला सांगणार? गाड्या पुढच्या गल्लीत नव्या दुकानात जायला लागल्या. ज्या माणसाच्या शीटचं एक टोक आयुष्यात कधी सुटलं नाही, त्याच्या नावाला लोक नाक मुरडतात हे बघून माझा जीव जळायचा.

एक दिवस मी कात्री आपटली आणि गेले. "पुरे झालं. एकदाची ती शीट काढा, नीट चढवा आणि त्या प्रभाकरचं तोंड बंद करा. नाव घालवून बसलात!"

ते स्टुलावर बसले होते. म्हणाले, "नीट करायचं म्हणजे पुसायचं, सुनीता."

मी दाराशी टेकून उभी राहिले.

ते म्हणाले, "आणि नीट झालं तर गाडी परत कशाला येईल?" मग रस्त्याकडे बघत राहिले. "त्या बाईंना मी काय बोललो होतो, आठवतं तुला?"

"आठवतं."

"त्यांची गाडी कुठे दिसली तर सांग. मी करून देतो. न पुसता. निघालं की परत यायचं म्हणावं, कितीही वेळा." मी तेव्हापासून रस्त्यावर नजर ठेवून होते, पण त्या बाई परत आल्या नाहीत. कशाला येतील?

दिवाळीच्या आधी प्रभाकर आला. या वेळी आवाज खालचा. कंपनीतून निवृत्त झाला होता आणि नवरा-बायको कायमचे नागपूरला मुलाकडे चालले होते. गाडीही घेऊन. "भावोजी, तेवढं एकदा पक्कं करून द्या. तिकडचं ऊन तुम्हाला माहितीय. नाहीच राहिलं तर तिथल्या कोणाकडून तरी काढून घेईन, पेट्रोलने पुसून टाकेल तो."

हरीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. "पेट्रोलने?"

"मग? खालचा चिकटा तसा जात नाही म्हणतात."

"जा, चहा पिऊन ये," हरीभाऊ म्हणाले. "सावकाश पी."

तो गेल्यावर त्यांनी पट्टी सोडवून टेबलावर घेतली. माझ्याकडे बघून म्हणाले, "एक फडकं दे. नवं." मी अस्तराच्या ताग्यातून चांगला मोठा तुकडा कापला आणि स्वतः नेऊन दिला. परत यायला हवं होतं, पण पाय निघेनात. मीही तिथेच उभी राहिले.

त्यांनी जुनी शीट गरम करून हलके हलके सोडवली. तिच्याबरोबर थोडे ठसे आले, थोडे खाली राहिले. बोटं फिसकटली होती, अंगठा मात्र होता. हरीभाऊ वाकले. मला वाटलं नेहमीप्रमाणे उजेडात तिरकं बघतायत, पण त्यांनी डोळे मिटले होते. वास घेत होते. मला काही वास आला नाही. त्यांना आला असेल.

मग म्हणाले, "कोणीतरी पुसणारच. मग परक्याने कशाला?"

फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला लागले. आधी बोटांच्या जागा. मग बटणांच्या कडा. अंगठा शेवटी. घाईने नाही, आणि उगाच रेंगाळूनही नाही. लहान मुलीचं तोंड पुसतात तसं. हुंदका वगैरे काही नाही, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते पट्टीवर पडू नये म्हणून मान एका बाजूला वळवून काम करत होते. पुसून झालं, दिव्याखाली तिरकी धरून बघितली. पट्टी स्वच्छ होती. नवी शीट कापली, ऊब दिली, वळणावरून बसवली. कडा परत परत गरम करून दाबल्या. माझ्या नखाने एक टोक उचलून बघायला सांगितलं मला. नाही उचललं गेलं. मग पट्टी दाराला लावली.

प्रभाकर आला, बोट फिरवलं आणि खूश झाला. "हे आधीच केलं असतंत तर, भावोजी!" हरीभाऊ म्हणाले, "चुकलं माझं." या वेळी ते गाडीत बसले नाहीत. टपावर एकदा थोपटलं आणि गाडी हायवेच्या दिशेने वळेपर्यंत उभे राहिले.

नंतर त्यांनी टेबल आवरलं, गरम हवेच्या बंदुकीची वायर गुंडाळली, मोजपट्टी जागेवर ठेवली. दुपारचीच वेळ होती, तरी शटर ओढलं. त्यानंतर त्यांनी गाळा उघडलाच नाही, आणि थंडी सरता सरता झोपेतच गेले. पण मला दिसतात ते त्या दुपारचे हरीभाऊ. फडकं अजून हातात होतं. सवयीने ड्रमपाशी गेले, हात वर केला, आणि थांबले. मग पुसलेली बाजू आत येईल अशी त्याची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

मला म्हणाले, "चलतो गं." आणि खिशावर हात ठेवून रिक्षा स्टँडकडे चालायला लागले.